लेन्स स्पेकमध्ये बसते, पण चित्र बिघडतं: कस्टम लेन्सच्या गरजा लिहिताना अडकणाऱ्या जागा

लक्षण ओळखीचं आहे. कॅमेऱ्यासाठी खास लेन्स बनवून घ्यायचं ठरतं आणि स्पेक शीट तयार होते: फोकल लेंग्थ, एफ-नंबर (प्रकाश आत येण्याचं भोक, म्हणजे ॲपर्चर, किती उघडं; आकडा लहान तर भोक मोठं), दृश्यकोन, रिझोल्यूशन, डिस्टॉर्शन (सरळ रेषा किती वाकतात), लांबी. डिझायनर ती प्रश्नांसकट परत पाठवतो. उत्तरं जातात, शीट पुन्हा परत येते. अखेर प्रोटोटाइप हातात पडतो आणि सोबतच्या तपासणी अहवालात प्रत्येक ओळीपुढे ‘पास’ असतं. लेन्स कॅमेऱ्यावर चढवली की मात्र कोपरे मऊ, कडांना काळोख, आणि उन्हात तासभर ठेवला की फोकस सरकलेला. मग बैठक. लेन्सवाले अहवाल पुढे करतात, कॅमेरावाले फोटो. दोघंही खरं बोलत असतात, म्हणून बैठक लांबते.

हे एकाच प्रकल्पात घडलं तर नशीब म्हणून सोडून देता येईल, पण ते दर वेळी घडतं. याचं कारण बहुतेकदा काचेत किंवा कारखान्यात नसतं. शीट कुठल्यातरी जुन्या लेन्सच्या कॅटलॉगवरून भरलेली असते. कॅटलॉगात लेन्स कशी झाली आहे ते लिहिलेलं असतं. नव्या लेन्सने कुठलं काम करायचं, कोणत्या उजेडात, कोणत्या सेन्सरवर, किती तापमानात, आणि ते जमलं की नाही हे कोण कशाने मोजणार, या ओळी तिथे नसतात. त्यामुळे त्या शीटमध्येही येत नाहीत.

आधी तपासा: दोष लेन्समध्ये आहे की कागदात?

भांडण सुरू करण्याआधी काही साध्या चाचण्या करून घ्या. यांना महागडं यंत्र लागत नाही.

लेन्स माउंटमध्ये फिरवून बघा. खराब कोपरा लेन्सबरोबर फिरला तर दोष लेन्सचा. तो चित्रात जागच्या जागी राहिला तर सेन्सर तिरका बसलाय किंवा माउंट वाकडं आहे. मग फोकस थोडा थोडा पुढेमागे सरकवत मध्य आणि चारही कोपरे स्वतंत्रपणे पाहा. चारही कोपरे एकाच जागी, पण मध्यापेक्षा वेगळ्या जागी, धारदार होत असतील तर प्रतिमेचं प्रतल वक्र आहे. म्हणजे हे डिझाइनमध्येच आहे, किंवा डिझायनरला सेन्सरवरच्या काचेची जाडी कुणी सांगितलेली नाही. एक कोपरा पुढे आणि समोरचा मागे धारदार होत असेल तर जुळणीत कलंडलंय. शेवटी ॲपर्चर एक-दोन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) बंद करा. कोपरे सुधारले तर भिंगाचे विपथन दोष आहेत, म्हणजे किरण एका बिंदूत नीट जुळत नाहीत. काहीच सुधारलं नाही, उलट सगळं चित्र मऊ झालं, तर तुम्ही विवर्तनाच्या, म्हणजे लहान भोकातून जाताना प्रकाश पसरण्याच्या, मर्यादेशी झगडताय आणि तिथे कुठलाही डिझायनर मदतीला येऊ शकत नाही.

ढोबळ नियम असा: बिघाड मध्याभोवती सममित असेल तर आधी कागद तपासा, एका बाजूला असेल तर जुळणी. एका बाजूचा बिघाडही कधी कधी कागदाचाच असतो, कारण टॉलरन्सची, म्हणजे बनवताना किती फरक चालेल याची, ओळच लिहिलेली नसते. त्याकडे पुढे येतो.

एकमेकांशी भांडणारे आकडे

शीट परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, आणि ते कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत पकडता येतं.

समजा शीटमध्ये लिहिलंय: फोकल लेंग्थ ६ मिमी, सेन्सरचा कर्ण ११ मिमी, कर्णावर दृश्यकोन १०० अंश, डिस्टॉर्शन १ टक्क्याच्या आत. चारही आकडे वेगवेगळे पाहिले तर शहाण्यासारखे वाटतात. आता हिशोब करा. सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या लेन्समध्ये प्रतिमेची उंची म्हणजे फोकल लेंग्थ गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन. ५० अंशांचा टॅन सुमारे १.१९, म्हणून प्रतिमा मध्यापासून ७.१५ मिमीवर जायला हवी. सेन्सरचा कोपरा तर ५.५ मिमीवरच संपतो. १०० अंश त्यात कोंबायचे असतील तर कोपऱ्यात उणे २३ टक्के डिस्टॉर्शन आलंच. डिस्टॉर्शन खरंच १ टक्क्यात हवं असेल तर कोन ८५ अंशांच्या आसपास थांबेल. कोन सोडवत नसेल तर फोकल लेंग्थ ४.६ मिमीवर आणा. फोकल लेंग्थ, कोन आणि सेन्सर यांपैकी दोनच तुमच्या हातात असतात, तिसरा आपोआप ठरतो. तिसराही आकडा लिहिलात तर तुम्ही नकळत डिस्टॉर्शन मागवता.

दुसरं भांडण कॉन्ट्रास्ट आणि ॲपर्चरचं. ३.४५ मायक्रॉन पिक्सेलच्या सेन्सरची नायक्विस्ट मर्यादा, म्हणजे त्याला वेगळे दिसू शकणारे सर्वांत बारीक पट्टे, सुमारे १४५ लाइन-पेअर (गडद-उजळ पट्ट्यांच्या जोड्या) प्रति मिमी येते. शीटमध्ये लिहिलेलं असतं: ‘एफ/८ ला १४५ वर ४० टक्के एमटीएफ.’ एमटीएफ म्हणजे तेवढ्या बारीक पट्ट्यांचा चित्रात उरणारा कॉन्ट्रास्ट. हिरव्या प्रकाशात, ०.५५ मायक्रॉनला, एफ/८ ची परिपूर्ण लेन्स, जिच्यात एकही दोष नाही, तीसुद्धा तिथे साधारण २५ टक्केच देते. एफ/५.६ ला ४५ टक्के आणि एफ/२.८ ला ७२ टक्के. ही भौतिकशास्त्राची वरची हद्द आहे, खऱ्या काचेची लेन्स तिच्या खालीच राहणार. म्हणजे एफ/५.६ ला ४० टक्के मागितले तर डिझाइन, काच, घासणं आणि जुळणी या सगळ्यांसाठी मिळून फक्त ५ टक्के उरतात. मग किंमत का भडकली म्हणून विचारू नये.

तिसरं भांडण तर फार प्रेमाने लिहिलं जातं: ‘१ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट, १२ मिमी, एफ/२.८, फोकस पक्का.’ दोन पिक्सेलइतका धूसरपणा चालेल असं मानलं तरी या लेन्सचं हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केला की अनंतापर्यंत स्पष्ट दिसतं) सुमारे साडेसात मीटर येतं, म्हणजे स्पष्टता पावणेचार मीटरच्या आसपास सुरू होते. १ मीटरपासून हवी असेल तर एफ/१० च्या पुढे जायला हवं. तिथे वरचा परिच्छेद पुन्हा वाचा.

जवळून काम करणाऱ्या लेन्समध्ये आणखी एक छुपी चूक असते. कॅटलॉगातला एफ-नंबर अनंतावरच्या वस्तूसाठी असतो. १:१ मॅग्निफिकेशनला, म्हणजे वस्तू सेन्सरवर मूळ आकाराची उमटते तेव्हा, तो जवळपास दुप्पट होतो, एफ/४ ची लेन्स एफ/८ सारखी वागते. प्रकाशही तसाच घटतो आणि विवर्तनही तसंच वाढतं. शीटमध्ये ‘वापरातला एफ-नंबर’ असं स्पष्ट लिहा.

सेन्सरची माहिती: ‘२/३ इंच’ लिहून भागत नाही

सेन्सरच्या नावातला इंच कर्णाचा नसतो. तो जुन्या व्हिडिओ कॅमेरा नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून आलाय. ‘१ इंच’ सेन्सरचा कर्ण सुमारे १६ मिमी असतो, ‘२/३ इंच’चा ११ मिमी. हे ठाऊक असूनही शीटमध्ये इंचच जातो आणि प्रतिमावर्तुळ (लेन्स जेवढ्या वर्तुळात चित्र पाडते ते) कुणीतरी अंदाजाने धरतं. मिमीमध्ये लांबी, रुंदी आणि कर्ण लिहा, आणि सेन्सर बोर्डावर किती इकडेतिकडे बसू शकतो तेवढं वर्तुळ मोठं मागा. काळे कोपरे अनेकदा या शेवटच्या ओळीअभावी दिसतात.

सेन्सरवरची काच आणि इन्फ्रारेड फिल्टर हा याहून मोठा सापळा. काचेची सपाट पट्टी फोकस साधारण आपल्या जाडीच्या एक तृतीयांश मागे ढकलते, म्हणजे १ मिमीच्या फिल्टरने जवळपास ०.३४ मिमी. एवढं तर फोकस फिरवून भरून काढता येतं, म्हणून लोक निश्चिंत होतात. पण मोठ्या ॲपर्चरच्या लेन्समध्ये किरण त्या काचेतून तिरके जातात आणि तिथे गोलीय विपथन आणि कडेला दृष्टिवैषम्य (हाही विपथनाचाच प्रकार) तयार होतं. ते फोकसने जात नाही. डिझाइन करतानाच ती काच गणितात धरावी लागते. म्हणून लिहा: सेन्सरवरची काच किती जाड, फिल्टर किती जाड आणि कशाचा, आणि तो लेन्स व सेन्सर यांच्यामध्ये बसेल की लेन्सच्या पुढे. माउंटचं अंतर, म्हणजे लेन्स टेकते तिथपासून सेन्सरपर्यंतचं, हवेत मोजलेलं की काचेसकट, तेही सांगा. सी-माउंटचं १७.५२६ मिमी सगळ्यांना पाठ असतं. फिल्टर घातल्यावर यांत्रिक अंतर तेवढंच राहत नाही, हे मात्र पाठ नसतं. एम-१२ धाग्याच्या छोट्या लेन्सना तर असं ठरलेलं अंतरच नसतं. तिथे तुम्ही लिहाल ते खरं.

मग मुख्य किरणाचा कोन, ज्याला सगळे सीआरए म्हणतात. मोबाइलसाठीच्या सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवरची सूक्ष्मभिंगं कडेला मुद्दाम सरकवलेली असतात, कारण तिथे किरण तिरके येणार हे गृहीत असतं. औद्योगिक सेन्सरमध्ये बहुधा ती सरळ किरणांसाठी असतात. एकासाठी बनवलेली लेन्स दुसऱ्यावर लावली तर कडा काळवंडतात आणि रंग बदलतो, कधी एका कोपऱ्यात हिरवट झाक, दुसऱ्यात जांभळट. लेन्सच्या अहवालात हे दिसतच नाही, कारण तिथे सेन्सर नसतो. सेन्सरच्या डेटाशीटमधली सीआरए वक्ररेषा मध्यापासून कोपऱ्यापर्यंत जशीच्या तशी जोडा. कमाल कोन एकटा देऊन उपयोग नाही.

कडांच्या काळोखाचा एक भाग मात्र कुणाचाच दोष नसतो. साध्या लेन्समध्ये कडेचा प्रकाश कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो: मध्यापासून ३० अंशांवर ५६ टक्के, ४५ अंशांवर २५ टक्के. कुशल डिझायनर यातलं काही परत मिळवतो, पण त्याची किंमत लांबीत किंवा पुढच्या भिंगाच्या व्यासात वसूल होते.

‘५ मेगापिक्सेल लेन्स’ म्हणजे काय मागितलं?

काहीच नाही. मेगापिक्सेल ही सेन्सरची गोष्ट. रिझोल्यूशनची ओळ एमटीएफमध्येच लिहा. पण ‘एमटीएफ १०० ला ५० टक्क्यांहून जास्त’ एवढं लिहूनही ती अर्धीच राहते. प्रतिमेच्या कुठल्या उंचीवर, उभ्या रेषांना की आडव्या की त्यातला जो वाईट तो, कुठल्या ॲपर्चरला, वस्तू किती अंतरावर, कुठल्या तरंगलांबींना कसं वजन देऊन, आणि सर्वांत महत्त्वाचं, कागदावरच्या डिझाइनचा आकडा की बनून आलेल्या लेन्सचा? या शेवटच्या प्रश्नाने जितके तंटे उभे केलेत तितके बाकी सगळ्यांनी मिळून केले नसतील. सॉफ्टवेअरमधला आदर्श आकडा आणि काच घासून, नळीत बसवून आलेला आकडा यांत नेहमी फरक पडतो. म्हणून ‘टॉलरन्स धरून केलेल्या मॉन्टे-कार्लो गणितात १०० पैकी ९० लेन्स या आकड्याच्या वर असाव्यात’ अशा भाषेत लिहा; मॉन्टे-कार्लो म्हणजे संगणकावर यदृच्छ चुका घालून अनेक लेन्स बनवून बघणं. ९० ऐवजी ९८ लिहायचं असेल तर खुशाल लिहा, पण आधी डिझायनरला किमतीतला फरक विचारा.

मोजणार कशाने तेही तिथेच ठरवा. लेन्स एमटीएफ बेंचवर एकटी मोजली जाते. आयएसओ १२२३३ ची तिरक्या कडेची पद्धत पूर्ण कॅमेरा मोजते: लेन्स, सेन्सर, वर सॉफ्टवेअरने धार लावली असेल तर तीही. नायक्विस्टला निव्वळ चौकोनी पिक्सेलच कॉन्ट्रास्ट सुमारे ६४ टक्क्यांवर आणतो. लेन्सचे ४० टक्के कॅमेऱ्यात २५ होतात, त्यात कुणी फसवलेलं नसतं. डिस्टॉर्शनचंही असंच आहे. मोबाइल मॉड्यूलच्या जगातली एसएमआयए टीव्ही डिस्टॉर्शनची व्याख्या जुन्या टीव्ही व्याख्येच्या दुप्पट आकडा देते. व्याख्या लिहिली नाही तर दोन बाजू एकाच लेन्सवर दोन आकडे घेऊन बसतात.

मोजण्याच्या साधनावर आंधळा विश्वास किती महाग पडतो याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण हबल दुर्बिणीचं. २.४ मीटरचा आरसा अतिशय काटेकोर घासला गेला, पण ज्या नल करेक्टरने (आरशाचा आकार तपासायच्या साधनाने) तो तपासला त्यातल्या एका भिंगाचं अंतर १.३ मिमीने चुकलं होतं. आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट झाली. दुसऱ्या, साध्या चाचण्यांनी गडबड दाखवली होती, पण अधिक अचूक साधन म्हणतंय ते खरं असं ठरलं. १९९० मध्ये दुर्बीण वर गेली, दुरुस्ती १९९३ च्या डिसेंबरमध्ये झाली. आपल्या लेन्सला अंतराळवीर पाठवता येत नाहीत, पण स्वीकृतीची चाचणी दोन वेगळ्या पद्धतींनी करायची ओळ शीटमध्ये घालता येते.

वस्तूकडून लेन्सकडे: एक उदाहरण पूर्ण सोडवून

हे सगळं टाळायचा रस्ता म्हणजे शीट उलट्या टोकाने भरणं. फोकल लेंग्थ शेवटी.

समजा पट्ट्यावरून जाणाऱ्या २०० मिमी रुंद वस्तूवरचा ०.२५ मिमीचा ओरखडा पकडायचा आहे. कॅमेरा वस्तूपासून ५०० मिमीवर बसणार, पट्ट्याचा वेग सेकंदाला १ मीटर, वस्तूची उंची एकूण ५० मिमीने कमीजास्त होते. इथपर्यंत लेन्सबद्दल एक अक्षर नाही, आणि शीटचं पहिलं पान एवढंच असावं.

आता ओरखड्यावर किमान ३ पिक्सेल पडावेत असं सॉफ्टवेअरवाल्यांनी सांगितलं. म्हणजे एका पिक्सेलला वस्तूवरचे ०.०८३ मिमी. २०० मिमीसाठी २४०० पिक्सेल लागतील. २४४८ पिक्सेल रुंदीचा ३.४५ मायक्रॉनचा सेन्सर पुरतो, पण जेमतेम. वस्तू पट्ट्यावर तिरकी येत असेल तर इथेच मोठा सेन्सर घ्या, लेन्सला दोष देऊ नका. मॅग्निफिकेशन ०.०४१४ आणि ५०० मिमी अंतर, म्हणजे फोकल लेंग्थ सुमारे २० मिमी. ती आपण निवडली नाही, हिशोबातून आली. ५०० मिमी नेमके कुठून मोजायचे, लेन्सच्या पुढच्या काचेपासून की कॅमेऱ्याच्या पाठीपासून, हेही लिहा. इथे पाच-सहा सेंटीमीटरचा गोंधळ सहज होतो.

मग कॉन्ट्रास्ट. सेन्सरवर ओरखड्याची रुंदी १०.३५ मायक्रॉन होते. एक गडद आणि एक उजळ पट्टी मिळून जोडी, म्हणून कामाची वारंवारता सुमारे ४८ लाइन-पेअर प्रति मिमी. नायक्विस्टच्या १४५ ची ही एक तृतीयांश आहे. बहुतेक शीट सवयीने १४५ वर कॉन्ट्रास्ट मागतात आणि त्यासाठी जादा भिंगं, महाग काच, कडक टॉलरन्स यांचे पैसे मोजतात. काम ४८ वर आहे. तिथे एफ/८ ची आदर्श लेन्सही ७३ टक्के देते. म्हणजे खऱ्या लेन्सकडून कोपऱ्यातसुद्धा ५० टक्के मागणं वाजवी आहे आणि डिझायनरला श्वास घ्यायला जागा उरते.

एफ/८ का? कारण उंची ५० मिमीने बदलते. दोन पिक्सेलची मुभा धरली तर या मॅग्निफिकेशनला एफ/२.८ ची स्पष्टतेची खोली साधारण २३ मिमी, एफ/८ ची ६७ मिमी. म्हणजे एफ/२.८ ला अर्ध्या वस्तू धूसर येणार होत्या आणि ‘लेन्स मऊ आहे’ अशी तक्रार कारखान्याकडे जाणार होती.

याची किंमत उजेडात मोजावी लागते. एफ/८ ला एफ/२.८ च्या एक अष्टमांश प्रकाश पोचतो. पट्टा सेकंदाला १ मीटर धावतो, एका पिक्सेलपेक्षा कमी फरकाटा हवा तर एक्सपोजर ८३ मायक्रोसेकंदांच्या आत. एवढ्यात पुरेसा उजेड द्यायचा तर तीव्र स्ट्रोब (क्षणभर चमकणारा) दिवा लागेल. तो परवडत नसेल तर ॲपर्चर उघडावं लागेल आणि मग वस्तूची उंची आवरावी लागेल. हा निर्णय दिवे आणि पट्टा बघणाऱ्यांचा आहे, लेन्स डिझायनरचा नाही. पण शीटमध्ये नुसता ‘एफ/२.८’ लिहिला की तो निर्णय कुणीच न घेता घेतला जातो. म्हणून माझं स्पष्ट मत: पहिल्या मसुद्यात एफ-नंबर लिहूच नका. उजेड, वेग आणि खोली लिहा, एफ-नंबर त्यातून बाहेर पडू दे.

ज्या ओळी कुणीच लिहीत नाही

प्रकाशाचा रंग. दृश्य प्रकाशासाठी दुरुस्त केलेली लेन्स ८५० किंवा ९४० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड दिव्यात दुसरीकडे फोकस करते. रात्रंदिवस चालणाऱ्या कॅमेऱ्यात ‘दिवसा छान, रात्री धूसर’ ही तक्रार इथूनच येते. उलट, एकाच रंगाचा एलईडी वापरणार असाल तर तसं सांगा. डिझायनरला रंगदोष दुरुस्त करायचे कष्ट वाचतात आणि लेन्समधलं एखादं भिंग कमी होऊ शकतं.

तापमान. लेन्स ते सेन्सर २० मिमीची ॲल्युमिनियमची नळी ६० अंशांनी तापली तर सुमारे २८ मायक्रॉन लांबते. एफ/२.८ ला ३.४५ मायक्रॉन पिक्सेलवर फोकसची मुभा असते अंदाजे दोन्ही बाजूंना १० मायक्रॉन. वरच्या उदाहरणातल्या एफ/८ ला ती २८ होते आणि प्रश्न जवळपास सुटतो. हा फक्त नळीचा हिशोब झाला. काचेचा अपवर्तनांकही तापमानाबरोबर बदलतो, आणि तो परिणाम कधी नळीला छेद देतो, कधी भर घालतो. प्लास्टिकच्या भिंगांत तो काचेपेक्षा कितीतरी पट मोठा असतो. ‘कार्यतापमान उणे २० ते ६०’ एवढी ओळ सगळे लिहितात. तिचा अर्थ कारखान्यात ‘या तापमानात लेन्स तुटणार नाही’ असाही घेतला जाऊ शकतो. लिहायचं ते असं: ‘या संपूर्ण पट्ट्यात, फोकस पुन्हा न करता, एमटीएफ अमुक टक्क्यांच्या खाली जाऊ नये.’

भटका प्रकाश. कोटिंग नसलेला काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के प्रकाश परतवतो. सहा भिंगांचे बारा पृष्ठभाग म्हटले तर पलीकडे पोचतो ६१ टक्के. चांगल्या कोटिंगने प्रत्येकाचा अर्धा टक्का केला तर ९४. हरवलेला प्रकाश नाहीसा होत नाही, तो आत फिरत राहून भुतासारख्या ठिपक्यांच्या किंवा दुधाळ पडद्याच्या रूपात सेन्सरवर येतो. बेंचवर हे दिसत नाही, कारण तिथे चौकटीबाहेर सूर्य नसतो. तुमच्या चित्रात कुठल्या कोनातून दिवा किंवा ऊन येणार ते सांगा, आणि त्या स्थितीतला फोटो स्वीकृतीच्या चाचणीत घाला.

डिस्टॉर्शनबद्दल थोडं वेगळं सांगायचंय. मोजमापाच्या कॅमेऱ्यात डिस्टॉर्शन कमी असण्यापेक्षा ते स्थिर असणं जास्त मोलाचं. कॅलिब्रेशनने, म्हणजे डिस्टॉर्शन मोजून सॉफ्टवेअरने दुरुस्त करून, ५ टक्केही काढता येतात. पण तापमानाने किंवा धक्क्याने भिंग काही मायक्रॉन सरकलं आणि डिस्टॉर्शनचा नकाशा बदलला तर जुनं कॅलिब्रेशन फुकट. अशा लेन्ससाठी ‘१ टक्क्याच्या आत’ ही ओळ सैल करा आणि भिंगं नळीत कशी धरायची, कंपनानंतर किती हललं तर चालेल, यावर ते पैसे खर्च करा.

काय सोडायचं ते आधीच सांगा

सगळ्या ओळी ‘आवश्यक’ असलेली शीट डिझायनरला काहीच सांगत नाही. १८४० मध्ये योसेफ पेट्झव्हालने बनवलेलं पोर्ट्रेट भिंग बघा. डॅगेरोटाइपच्या (त्या काळच्या फोटोच्या) पत्र्यांना फार वेळ उजेड लागायचा आणि माणूस तितका वेळ न हलता बसत नाही. म्हणून गरज एकच होती: प्रकाश. पेट्झव्हालने एफ/३.६ गाठलं, त्या काळात हे प्रचंड होतं. कडेला प्रतिमा वक्र आणि मऊ राहिली, कोन अरुंद राहिला. चेहरा मध्यावर असतो, म्हणून चाललं. आजही कोपऱ्यात फक्त आकाश किंवा पट्ट्याची कड येत असेल तर तिथे एमटीएफ मागू नका, आणि तसं लेखी द्या. डिझायनर ते वाचलेले कष्ट मध्याकडे वळवेल.

प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करा: याशिवाय लेन्स निरुपयोगी, असेल तर बरं, आणि सोडून द्यायला तयार. तिसऱ्या खुणेच्या किमान दोन ओळी असल्याशिवाय शीट पाठवू नका. अशी एकही ओळ सापडत नसेल तर ती शीट अजून कॅटलॉगातूनच आलेली आहे. ही खूण कामाशी संबंध असलेल्या सगळ्यांनी एकत्र बसून करावी. नाहीतर यांत्रिक डिझायनर लांबी पक्की करतो, सॉफ्टवेअरवाला डिस्टॉर्शन, विक्रीवाला वजन, आणि लेन्सच्या वाट्याला काहीच सैल राहत नाही.

प्रोटोटाइप आधीच आला असेल तर

सगळंच फेकायची गरज नसते. डिस्टॉर्शन सॉफ्टवेअरने निघतं. कडांचा काळोख फ्लॅट-फील्डने (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचा फोटो घेऊन केलेल्या दुरुस्तीने) भरून काढता येतो, पण ५६ टक्क्यांवर आलेली कड १.८ पट वाढवली की तिथला नॉइजही तेवढाच वाढतो. उजेड मुबलक असेल तरच ठीक. रंगाची झाक कॅलिब्रेशनने जाते, मात्र दिव्याचा प्रकार बदलला की कॅलिब्रेशन पुन्हा. फोकस सगळीकडे सारखाच सरकला असेल तर माउंटखाली शिम (पातळ चकती) घालून भागतं. प्रतिमा वक्र असेल तर मध्यावर फोकस न करता मध्य ते कोपरा यांच्या सुमारे ७० टक्के अंतरावर करून बघा. मध्याचं थोडं जातं, कोपऱ्याचं बरंच परत येतं, आणि पुष्कळदा तेवढ्यावर काम भागतं.

तापमानाने होणारी सरक, फिल्टरच्या काचेतून आलेलं विपथन आणि आतली परावर्तनं यांना मात्र बाहेरून औषध नाही, शीट पुन्हा उघडावीच लागते. उघडली की आधी सेन्सरची सध्याची डेटाशीट मागवून वरच्या काचेची जाडी आणि सीआरएची वक्ररेषा पुन्हा जुळवा. तोवर सेन्सरची नवी आवृत्ती आलेली असू शकते आणि नव्या आवृत्तीत नेमकं हेच दोन बदललेलं असतं असा प्रसंग येतो.